टोर्नेडो अमेरिकेपुरता नाही

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय: ‘टोर्नेडो फक्त अमेरिकेत होतात. आपल्याकडे फार तर वावटळ. आलाच तर हवामान खातं चार दिवस आधी सांगेल. तोवर खिडक्या उघड्या ठेवा, घर वाचतं.’ माझ्या काकांनीही तो पाठवला, काळजीपोटीच. पण यातलं एकही वाक्य टिकत नाही.

टोर्नेडो, म्हणजे ढगातून जमिनीवर उतरणारा वाऱ्याचा भोवरा, फक्त अमेरिकेत? 26 एप्रिल 1989. बांगलादेशातला माणिकगंज जिल्हा, सगळा शेतीचा मुलूख. कित्येक महिने पाऊस नव्हता. त्या संध्याकाळी दौलतपूर-साटुरिया भागावर टोर्नेडो उतरला आणि सुमारे 1300 माणसं गेली. अमेरिकेतल्या सर्वांत भीषण टोर्नेडोत, 1925 साली, 695 गेली होती. माणिकगंजमधली घरं बांबूची आणि पत्र्याची. उडालेला पत्रा कोयत्यासारखा कापत जातो. आपल्याच देशात, ओडिशा-बंगालच्या सीमेवर दांतन भागात, मार्च 1998 मध्ये शंभरावर बळी गेले.

हे या पट्ट्यात का होतं? बंगालच्या उपसागरावरून दमट वारा जमिनीलगत आत येतो. झारखंडकडच्या छोटा नागपूरच्या पठारावरची कोरडी, तापलेली हवा त्याच्यावर झाकणासारखी बसते. खाली वाफ कोंडते, दुपारनंतर झाकण फुटतं आणि ढग दहा-पंधरा किलोमीटर उंच चढतो. त्यात खालचा वारा दक्षिणेचा, वरचा पश्चिमेचा आणि कितीतरी वेगवान. त्या पिळाने अख्खा ढगच फिरू लागतो. बंगालीत या वादळांना ‘कालबैशाखी’ म्हणतात. आपला वळीव त्याच दिवसांतला, पण वरच्या वाऱ्याला इथे सहसा तेवढा जोर नसतो.

वावटळ वेगळीच. ती निरभ्र दुपारी तापल्या रानातून उठते, पाचोळा गरगर फिरवते आणि बांध ओलांडायच्या आत विरते. टोर्नेडो ढगातून खाली येतो.

‘चार दिवस आधी’ हा घोळ आपल्या वर्तमानपत्रांनीच घातलाय. टोर्नेडो आणि समुद्रातलं वादळ, दोन्हींना ती ‘चक्रीवादळ’ म्हणतात. समुद्रातलं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं, उपग्रहाला दिवसेंदिवस दिसणारं. टोर्नेडो मिनिटांत तयार होतो. ढगातल्या वाऱ्याचा वेग टिपणाऱ्या डॉपलर रडारचं जाळं असूनही अमेरिकेत इशारा मिळतो सरासरी दहा-पंधरा मिनिटं आधी.

आणि खिडक्या! त्या उघडल्या की वारा आत शिरून छपराला खालून रेटतो, शिवाय हातातली मिनिटं त्यातच जातात. पक्क्या घरात तळमजल्यावरची, खिडकी नसलेली आतली खोली गाठा. शिवारात असाल तर झाडाखाली थांबू नका. सखल जागी पालथं पडा, डोकं हातांनी झाका.

काकांना मी हेच कळवलं. त्यांनी तो मेसेज गावच्या ग्रुपवरून काढून टाकला.