पुडी एक, पाणी एक लिटर

बेळगावच्या वडगावात आमचं औषधाचं दुकान आहे. आषाढात मंगाईच्या जत्रेचे दिवस आले की काउंटरवर दोन गोष्टी वाढतात: जुलाबाची गिऱ्हाइकं, आणि मोबाईल पुढे करून “हे वाचलासा काय?” विचारणारी माणसं. यंदा एकच मजकूर मला आठ जणांनी दाखवला. लिहिणाऱ्याचं नाव-गाव नाही. थोडक्यात तो असा: पावसाळ्यातले जुलाब-उलट्या म्हणजे शरीर साफ होतंय, अडवू नका. चोवीस तास पोटाला विश्रांती द्या, पाणीसुद्धा नको. त्यानंतर थंड लिंबू-सोडा द्या. तोंडाने घेतलेलं पाणी तसंच बाहेर जातं, म्हणून खरा उपाय सलाईन. उरलेलं अन्न खळखळून उकळलं की त्यातला दोष जातो. हाताला सॅनिटायझर लावला की साथ घरात शिरत नाही. जुलाब थांबले की माणूस बरा, दुसऱ्या दिवशी कामाला. आणि शेवटी, हे दहा ग्रुपवर पाठवा.

“शरीर साफ होतंय” हे लोकांना चटकन पटतं, कारण लहानपणी पोट साफ करायला एरंडेल पाजल्याची आठवण घरोघरी आहे. पण इथे घडतं ते वेगळंच. रोटाव्हायरस किंवा नोरोव्हायरससारखे विषाणू आतड्याच्या अस्तराला इजा करतात, आणि पाणी शोषून घेण्याचं काम बिघडतं. पटकीचा, म्हणजे कॉलराचा, जंतू तर असं विष सोडतो की आतडंच अंगातलं पाणी आणि मीठ बाहेर ओतायला लागतं. पटकीच्या रुग्णाचे जुलाब पुढे पुढे तांदळाच्या धुवणासारखे होतात. त्यात घाण कुठली आली? पोटात जे काही होतं ते पहिल्या दोन-तीन खेपांत गेलेलं असतं. नंतर जातं ते अंगातलं.

“अडवू नका” यात अर्धा शहाणपणा आहे, तो मान्य करतो. जुलाब बंद करणारी गोळी मागायला धावू नये. लहान मुलांना ती देऊच नये, आणि मोठ्यांनाही ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर नको. अँटिबायोटिकचंही तेच. विषाणूंवर त्याचा काडीचा उपयोग नाही, तरी “तीन गोळ्या द्या, बघूया” म्हणणारी माणसं रोज येतात. पण गोळी अडवणं वेगळं आणि पाणी अडवणं वेगळं.

या अख्ख्या मजकुरात जीव घेणारं वाक्य हेच, “पाणीसुद्धा नको.” दहा किलोच्या बाळाच्या अंगातून एक लिटर पाणी गेलं तर ते गंभीर समजतात. एक लिटर म्हणजे फार तर एक तांब्या. सपाटून ढाळ लागले तर तेवढं जायला दिवस उजाडावा लागत नाही. आणि अशा पोराला म्हणे चोवीस तास कोरडं ठेवायचं.

“तोंडाने घेतलेलं तसंच बाहेर जातं” हे नुसत्या साध्या पाण्याबद्दल थोडंफार खरं असेल. पण आतड्याच्या पेशींत एक वाट अशी आहे की साखर आत शिरताना मिठातल्या सोडियमला सोबत घेऊन जाते, आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद होत नाही. ओआरएसची, म्हणजे पाण्यात कालवून पाजायच्या साखर-मिठाच्या पुडीची, सगळी करामत एवढीच. साखर त्यात चवीसाठी नाही, मिठाला ओढून न्यायला आहे.

आणि सलाईनच खरा उपाय म्हणणाऱ्यांनी १९७१ साल आठवावं. बांगलादेशच्या लढाईतले लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले होते. बनगावच्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईनचा साठा संपत आला. तिथल्या डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांना सांगितलं, पाजत राहा. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते. हे पाणी मिळालेल्यांत ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. महालनबीस २०२२ मध्ये गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आमच्या भागात मात्र अजून बाटली टांगल्याशिवाय पेशंटला बरं वाटत नाही, आणि सोबत आलेल्या पाव्हण्यांना तर त्याहून नाही.

सलाईन कधी लागतंच. पोर गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल, उलटी थांबतच नसेल, डोळे खोल गेले असतील, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत असेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, शौचातून रक्त पडत असेल, तर माझ्या दुकानात थांबू नका, थेट दवाखाना गाठा. एरवी चमचा पुरतो. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग दर एक-दोन मिनिटांनी ओआरएसचा एक चमचा. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, त्याहून मोठ्याला १०० ते २०० मिली. घाई केली की उलटी होते आणि मग घरातले म्हणतात, बघा, पोटात ठरत नाही.

इथे येळ्ळूरच्या एका आजींची गोष्ट सांगतो. नातवासाठी सकाळी पुडी नेली होती, दुपारी परत आल्या. पोर पीत नाही, तोंड वेंगाडतंय म्हणाल्या. मी विचारलं, “आज्जी, पुडी किती पाण्यात घातलीसा?”

“ह्या एवढ्या गिलासात की. घट्ट केलं तर ताकद लवकर यील म्हटलं.”

एक लिटरची पुडी एका पेल्यात. पुडीत २०.५ ग्रॅम माल असतो: ग्लुकोज १३.५, मीठ २.६, सोडियम सायट्रेट २.९ आणि पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम. हे प्रमाण एक लिटरला बेतलेलं आहे. घट्ट केलं तर ते द्रावण उलट आतड्यात पाणी खेचतं, आणि रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. पोराने तोंड वेंगाडलं तेच बरं झालं. बाजारात २०० मिलीच्या छोट्या पुड्याही असतात, म्हणून पुडीवरचा आकडा आधी बघायचा. कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर ओतून द्यायचं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि त्याच छोट्या चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ.

आजींना दोष देववत नाही. पुडीवरचं बारीक अक्षर इंग्रजी-हिंदीत. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत वाटलेलं पत्रक कन्नडमध्ये. त्यांना वाचता येईल अशा भाषेत, मोठ्या अक्षरांत, फुलांच्या चित्रासकट घरपोच आलेलं एकच लिखाण, ते म्हणजे हा मेसेज.

लिंबू-सोड्याचं लवकर आटपतं. कोल्ड्रिंकमध्ये साखर फार आणि मीठ जवळजवळ नाही, त्याने लहान मुलांचे जुलाब वाढू शकतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. आवडीने प्यावं, पण ते ओआरएस नव्हे. कागदी डब्यातल्या गोड पेयांवर “ओआरएस” लिहायला देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. तरी “ती ऑरेंजवाली ओआरएस द्या” म्हणणारे अजून येतातच.

उपासाचंही तसंच. अंगावरचं दूध एक वेळही तोडू नये. मोठ्यांना भूक लागेल तशी पेज, मऊ भात, ताक, केळं, मीठ घातलेली अंबील. मुलांना झिंक द्यायचं, सहा महिन्यांवर रोज २० मिलिग्रॅम आणि त्याखाली १०, दहा ते चौदा दिवस. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि उरलेली गोळ्यांची पट्टी देवाच्या फोटोमागे जाते.

आता उकळण्याचा मुद्दा, कारण जत्रेत घोटाळा होतो तो इथे. पाणी उकळणं बरोबरच. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. मधल्या काळात नळी रिकामी असते आणि गटारालगत कुठे चीर असली तर घाण आत ओढली जाते. म्हणून पहिल्या दोन-चार घागरी धुण्याला, आणि पिण्याचं पाणी खळखळून एक मिनिट उकळलेलं. पण दुपारी शिजवून पातेल्यात तसाच ठेवलेला भात रात्री उकळला म्हणून निर्धोक होत नाही. काही जंतू अन्नात वाढताना विष सोडतात. उकळीने जंतू मरतात, ते विष शिल्लक राहतं. शिळ्या भातातलं, आणि वाढप्याच्या हातावरच्या पिकलेल्या जखमेतून अन्नात जाणाऱ्या जंतूचं विष याच जातीचं. अन्न दोन तासांत फ्रीजमध्ये ठेवावं, नाहीतर गरमच ठेवावं.

यावरून एक हिशेबही मांडता येतो. जेवल्यावर एक ते सहा तासांत पंगतीतल्या बऱ्याच जणांना उलट्या सुरू झाल्या तर अशा विषाचा संशय घ्यायचा. नोरोव्हायरसला मात्र अर्धा ते दोन दिवस लागतात. म्हणजे आज सकाळी ढाळ लागले म्हणून आज सकाळच्याच पोह्यांना शिव्या देण्यात अर्थ नाही. परवा पाव्हण्यांकडे काय झालं ते विचारा.

सॅनिटायझर कोविडमध्ये घराघरांत शिरला आणि भाव खाऊन गेला. त्याने सगळंच मरतं असं नाही, नोरोव्हायरस त्याला फारशी दाद देत नाही. साबण, वाहतं पाणी आणि वीस सेकंद चोळणं, याला पर्याय नाही. शौचानंतर, बाळाचं धुतल्यावर आणि स्वयंपाकाला हात लावण्याआधी. उलटी पडलेली जागा आधी कागदाने टिपून घ्यायची, मग ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ ब्लीच, २० मिली एक लिटर पाण्यात घालून त्याने पुसायची आणि पाच मिनिटं ओली ठेवायची. त्यात संडास धुण्याचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो. खराब चादर झटकू नका. आणि घरात तान्हं बाळ असेल तर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातली रोटाव्हायरसची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, ती चुकवू नका.

“दुसऱ्या दिवशी कामाला” हे आचाऱ्याने ऐकलं तर पंगतच आडवी होईल. शेवटचा जुलाब किंवा उलटी झाल्यावर निदान ४८ तास घरी थांबायचं, पोराला शाळेतही धाडायचं नाही. बरं वाटल्यावरही शौचातून विषाणू दोन आठवडे आणि त्याहून जास्त दिवस जात राहतो. म्हणून स्वयंपाकघरात परतल्यावरही साबण सुटत नाही.

राहिलं दहा ग्रुपचं. ज्या आठ जणांनी तो मेसेज दाखवला त्यांना मी एक फोटो पाठवलाय. पाण्याची रिकामी एक लिटरची बाटली, शेजारी पुडी, आणि बाटलीच्या गळ्याशी मार्करने ओढलेली रेघ. वर मराठीत लिहिलंय, “अख्खी पुडी, इथपर्यंत पाणी.” खाली शेजारच्या दुकानातल्या पोराकडून कन्नडमध्येही लिहून घेतलंय, “ओंदु लीटर नीरु.” येळ्ळूरच्या आज्जींकडे मोबाईल नाही, त्यांना ती बाटलीच देऊन टाकली.