गाणी पोचली, प्लेलिस्ट मागे राहिल्या: ताईंच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

ताई नमस्कार, दुकान माझंच आहे म्हणून उत्तर मीच लिहितोय. तुम्ही एक स्टार दिलाय आणि लिहिलंय की ९०० रुपये घेतले, चार दिवस लावले, गाणी आली पण प्लेलिस्ट एकही नाही, वडिलांच्या गाडीत नावांच्या जागी चौकोन दिसतात, भैरवी सगळ्यात आधी वाजते, आयपॉड नव्या लॅपटॉपला लावू नका एवढंच सांगून हातात दिला, आणि कॉपी पेस्टचे एवढे पैसे कशाचे. काल रात्री शटर ओढल्यावर तुमच्या कामाची पावती काढून बसलो. त्यावर आमच्या मुलाच्या अक्षरात फक्त "गाणी ट्रान्सफर, लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह" एवढंच आहे, प्लेलिस्टचा प सुद्धा नाही. हे विचारायचं काम आमचं होतं. गिऱ्हाईकाला काय माहीत की गाणी वेगळ्या जागी असतात आणि प्लेलिस्ट वेगळ्या. चूक आमची आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

झालं असं की एमपीथ्रीच्या पोटात गाण्याचं नाव, गायक, अल्बम असली माहिती असते, तिला टॅग म्हणतात. पण कुठलं गाणं कुठल्या यादीत, कशानंतर काय, किती वेळा ऐकलं हे सगळं आयट्यून्स स्वतःच्या लायब्ररी फाइलमध्ये ठेवतं, आणि तिथे प्रत्येक गाण्याचा पत्ता असतो, डी ड्राइव्ह, मग हे फोल्डर, मग ते फोल्डर. आम्ही नुसती गाणी उचलून नव्या लॅपटॉपवर ठेवली, ती फाइल आणलीच नाही. घर बदललं आणि पोस्टमनला कळवलंच नाही, तशी गत.

कॉपी पेस्टचं मात्र मला बोलू द्या कारण ते मनाला लागलं. तुमचा जुना लॅपटॉप आला तेव्हा हार्डडिस्क टिक टिक करत होती, तुम्हीच काउंटरवर कान लावून ऐकलंत. अशा डिस्कवरून सरळ कॉपी मारली की एका खराब जागी ती अडकते, परत परत तेच वाचायला बघते आणि तेवढ्यात कायमची बसते. म्हणून आधी पूर्ण डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढला, आधी चांगला भाग, मग अडलेला भाग थोडा थोडा, त्यातच दोन रात्री गेल्या. तरी तीनशेच्या आसपास गाणी वाचता आली नाहीत. ती आयपॉडमधून काढली. आयपॉडमध्ये गाणी लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, एफ००, एफ०१ असे फोल्डर आणि आत प्रत्येक फाइलला चार अक्षरांचं काहीही अर्थ नसलेलं नाव, म्हणजे नुसतं बघून कुठलं गाणं ते कळणारच नाही. टॅग वाचून नावं परत लावावी लागतात, आणि तुमच्याकडे कॅसेटवरून केलेली बरीच आहेत, त्यांना टॅगच नव्हते, ती एकेक वाजवून, ऐकून, हाताने नावं टाकली. त्यात शास्त्रीय गायक डी. व्ही. पलुस्करांची भजनं होती. पलुस्करांचा जन्म आपल्या नाशिकचा, १९२१ चा, आणि १९५५ ला गेले सुद्धा, चौतिसाव्या वर्षी. एवढ्याशा आयुष्यात जे रेकॉर्ड झालं तेवढंच आपल्याकडे आहे, ते ऐकताना मी हातातलं काम थांबवलं होतं खरं सांगतो. तुमच्या वडिलांनी मध्ये कॅसेटची बाजू बदललेली सुद्धा ऐकू येते, खट्ट करून. ती फाइल दुसरीकडे कुठे मिळणार नाही, म्हणून चार दिवस लागले.

आता भैरवी, मैफल संपवताना गातात ती. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण आयुष्यभर मैफली ऐकलेल्या माणसाच्या गाडीत सकाळी सकाळी पहिलीच भैरवी लागली तर त्यांना काय वाटलं असेल. बरेच कार स्टिरिओ नावाप्रमाणे वाजवत नाहीत, पेनड्राइव्हवर जी फाइल आधी लिहिली गेली ती आधी वाजवतात. आमच्या मुलाने सगळं एकदम निवडून ओढून टाकलं, लिहिताना क्रम कसाही झाला. खरं तर नावाआधी ०१, ०२ टाकायचे आणि त्याच क्रमाने एकेक कॉपी करायची. आम्ही केलं नाही. तो ६४ जीबीचा पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये होता, म्हणजे फाइली मांडायच्या एका पद्धतीत, तुमचा स्टिरिओ फक्त फॅट३२ ही दुसरी पद्धत वाचतो, आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये आमच्याकडे ३२ जीबीच्या वर तो पर्यायच येत नाही, म्हणून वेगळ्या टूलने केला, तेवढं मात्र बरोबर झालंय.

चौकोन दिसतात कारण त्या स्टिरिओत देवनागरी फॉन्टच नाही. लॅपटॉपवर तीच नावं नीट दिसतात, बघा एकदा. गाडीच्या पेनड्राइव्हपुरती नावं आणि टॅग इंग्रजी अक्षरांत करून देतो, लॅपटॉपवरचं देवनागरी तसंच राहील.

आयपॉडचं कारण आमच्या मुलाने सांगायला हवं होतं. आयपॉड एका वेळी एकाच लायब्ररीशी जोडलेला असतो. नव्या लॅपटॉपच्या आयट्यून्सला लावलात की पुसून सिंक करू का असं विचारतं, आणि घाईत हो दाबलं गेलं की आयपॉडमधलं सगळं जातं. तुम्ही दाबलं नसेल अशी आशा आहे. अजून लावला नसेल तर शनिवारपर्यंत तसाच ठेवा, तुमची दुसरी प्रत तीच आहे.

एक चांगली गोष्ट. आम्ही गिऱ्हाईकाच्या डिस्कचा क्लोन १५ दिवस ठेवतो, मग पुसतो. आज नववा दिवस आहे. काल रात्रीच उघडून बघितला, लायब्ररी फाइल शाबूत आहे, एकेचाळीस प्लेलिस्ट आहेत आत, नावं इथे लिहीत नाही, घरच्या गोष्टी आहेत. ती फाइल नव्या लॅपटॉपवर आणून गाण्यांचे पत्ते नवीन जागेचे करायचे, अर्ध्या दिवसाचं काम आहे. आयपॉडवरून काढलेली गाणी त्यात हाताने बसवावी लागतील, ती मी स्वतः बसवतो. ह्याचे पैसे नाहीत. आधीचे ९०० परत देतो असं मात्र म्हणत नाही, डिस्क वाचवायचं काम झालंय आणि नीट झालंय.

शनिवारी अकरा वाजल्यापासून मी काउंटरला आहे. लॅपटॉप, आयपॉड, पेनड्राइव्ह तिन्ही आणा, आणि जमलं तर वडिलांना गाडी घेऊनच यायला सांगा, एम. जी. रोडला गाडी लावायला जागा मिळत नाही, फोन केलात की मीच खाली येतो. कशानंतर काय लागायला हवं ते त्यांनाच विचारून भरतो आणि तिथेच स्टिरिओत लावून बघू.