‘तालुक्याच्या नर्सला 12 हजार पुरतात’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या ग्रुपाग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. म्हणणं असं की प्रायव्हेटमधल्या नर्सला मुंबईत 25 हजार आणि तालुक्याला 12 हजार मिळतात यात अन्याय काहीच नाही, गावाकडे राहणं निम्म्याने स्वस्त आहे, सरकारी सिस्टर तर 70-70 हजार घेतात, आणि पगार वाढवले तर शेवटी पेशंटचंच बिल वाढणार. मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, प्रायव्हेटमध्येच ड्यूटी करते, आणि आमच्यातल्याच काही सिस्टर्सनी ‘बरोबर आहे’ लिहून हा मेसेज पुढे पाठवलेला बघितला तेव्हा फार वाईट वाटलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

आधी ते ‘निम्म्याने स्वस्त’. घरभाडं स्वस्त आहे, हो, त्यात वादच नाही. पण भाडं सोडून काय स्वस्त आहे ते सांगा ना. मोबाइलचा रिचार्ज सगळीकडे तोच, औषधाच्या पाकिटावरची एमआरपी तीच, एज्युकेशन लोनचा हप्ता बँक गाव बघून कमी करत नाही. घरगुती सिलिंडर नागपूरला मुंबईपेक्षा महाग पडतो. पेट्रोलचं तर परभणीवाल्यांना विचारा, राज्यात सगळ्यात महाग पेट्रोल बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असतं कारण टँकर लांब मनमाडवरून येतो. आणि हे पेट्रोल काही हौसेचं नाही, मुंबईतली सिस्टर लोकलचा पास काढते पण तालुक्यातल्या सिस्टरची ड्यूटी रात्री आठला सुटली की गावाकडे जाणारी एसटी केव्हाच गेलेली असते, मग स्कूटी घ्यावी लागते, स्कूटीचा हप्ता आला, पेट्रोल आलं, आणि नवरा किंवा भाऊ न्यायला येणार असेल तर त्याचाही वेळ आणि पेट्रोल आलंच. घरात कुणाला मोठं दुखणं निघालं की संभाजीनगर नाहीतर पुणं गाठायचं, तिथे कुणी तालुक्याचा रेट लावत नाही.

बरं, माझं ऐकू नका, सरकारचा हिशोब बघा. सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन 44,900 आहे आणि ते देशभर एकच आहे. महागाई भत्ताही टक्क्याने सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो मुख्यतः घरभाडे भत्त्यात (प्रवासभत्त्यात थोडा पडतो), मुंबई-पुण्यासारख्या शहराला मूळ वेतनाच्या 30 टक्के, नागपूर-नाशिकला 20 आणि छोट्या गावाला 10 टक्के, महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेल्यापासूनचे हे दर. म्हणजे मुंबईला 13,470 आणि छोट्या गावाला 4,490, फरक 8,980 रुपयांचा. जिचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळूनच 67 हजारांच्या वर जातं तिच्या पगारात एवढाच फरक! भागाप्रमाणे खर्च बदलतो हे सरकारलाही मान्य आहे, पण त्यासाठी पगार निम्मा करा असं कुठलाही वेतन आयोग म्हणालेला नाही. तो निम्म्याचा हिशोब फक्त प्रायव्हेट मालकांचा आहे.

मुंबईच्या 25 हजारांचंही तसंच. पीएफ वगैरे कापून हातात येतात त्यातून कॉट बेसिसवर एका खोलीत चार-पाच जणींनी राहायचं, नाहीतर बदलापूर-विरारला भाड्याने घर घेऊन पहाटेची लोकल पकडायची. घर घ्यायचं म्हटलं की डिपॉझिट आधी टेकवावं लागतं, ते येतं गावाकडून, आईचं काहीतरी गहाण ठेवून. तिला तालुक्यापेक्षा दुप्पट मिळतात म्हणून ती सुखात आहे असं नाही हो, दोघीही तोट्यात आहेत आणि मेसेजवाले एकीला दुसरीकडे बोट दाखवायला लावतायत.

आता ‘सरकारी सिस्टर 70 हजार घेतात’. परमनंट असेल आणि काही वर्षं झाली असतील तर घेतात, आणि घ्यायलाच पाहिजेत. पण त्याच सरकारी वॉर्डात एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) कंत्राटी सिस्टर असते, तिच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं 20 हजार मानधन लिहिलेलं येतं, इंजेक्शन तीच देते, नाइट तीच करते. 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या त्यात मुख्य विरोध या कंत्राटी भरतीलाच होता. आणि ‘भागाप्रमाणे पगार’ हे खरं असतं तर नागपूरचं काय करायचं? केंद्राच्या एम्समध्ये सुरुवातीचं मूळ वेतन 44,900, आणि त्याच शहरात राज्य सरकारच्या मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये अधिपरिचारिकेचं (म्हणजे स्टाफ नर्सचं) 35,400 (2023 च्या भरतीच्या जाहिरातीत हीच वेतनश्रेणी होती). गाव तेच, भाजीबाजार तोच, भाडं तेच, तरी सुरुवातीलाच 9,500 चा फरक. पगार भागावरून नाही ठरत, मालक कोण आहे आणि त्याच्यावर नियम लागतो का यावरून ठरतो.

किती द्यायला पाहिजे हे कुणी सांगितलंच नाही असंही नाही. सुप्रीम कोर्टाने 2016 च्या जानेवारीत प्रायव्हेट नर्सेसच्या पगारावर कमिटी नेमायला सांगितलं आणि त्या कमिटीने सरळ शिफारस केली की 200 च्या वर बेड असतील तर राज्य सरकारच्या नर्सएवढा पगार द्या, 100 च्या वर असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 असतील तर फार तर 25 टक्के कमी, आणि 50 च्या आतलं छोटं हॉस्पिटल असलं तरी 20 हजारांच्या खाली नाही. तालुक्याची हॉस्पिटलं बहुतेक याच शेवटच्या गटातली, म्हणजे आपल्या मेसेजमधले 12 हजार हे 2016 च्या सगळ्यात खालच्या आकड्याच्याही खाली आहेत! आणि महागाई भत्ता 2016 मध्ये शून्यापासून सुरू होऊन 2024 च्या जानेवारीत 50 टक्के झाला, त्याच हिशोबाने त्या 20 हजारांचे 30 हजार व्हायला पाहिजे होते.

हॉस्टेल-जेवण फुकट मिळतं म्हणणाऱ्यांनी ते हॉस्टेल एकदा जाऊन बघावं, एवढंच म्हणते.

राहिलं पेशंटचं बिल. बिल वाढेल ही भीती खरी वाटते कारण आपण सगळेच कधी ना कधी पेशंटचे नातेवाईक असतो. पण डिस्चार्जच्या वेळी बिल नीट वाचा, ‘नर्सिंग चार्जेस’ म्हणून रोजची वेगळी ओळ असते. समजा रोजचे 500 लावले आणि वॉर्डात 20 पेशंट आहेत, तर महिन्याचे 3 लाख झाले. अशा वॉर्डात प्रत्येक शिफ्टला एकच सिस्टर ठेवतात, म्हणजे सुट्टीची धरून चार जणी, प्रत्येकी 12 हजार म्हणजे 48 हजार. केंद्र सरकारच्या नॉर्मप्रमाणे जनरल वॉर्डात सहा पेशंटमागे एक सिस्टर पाहिजे, त्या हिशोबाने चौपट ठेवल्या आणि एकेकीला 18 हजार दिले तरी 2 लाख 88 हजारच होतात. पेशंट नर्सचे पैसे आत्ताच भरतोय, ते नर्सपर्यंत येत नाहीत. केरळमध्ये नर्सेस संघटित होऊन लढल्या तेव्हा सरकारने 2018 च्या एप्रिलमध्ये प्रायव्हेट हॉस्पिटलसाठी 20 हजारांचं किमान वेतन नोटिफाय केलं, खेड्यातल्या छोट्या हॉस्पिटललाही तेच. तिथली हॉस्पिटलं आजही सुरू आहेत.