कान आहेत ना?

गुरूच्या घरी राबून विद्या मिळवण्याची पद्धत किती थोर होती, यावर भाषणं ठोकणाऱ्यांनी एकदा आमच्या पात्रांवांकडे साऊंड शिकायला यावं. गोव्याच्या सरकारी कदंबा बसचं भाडं मी देतो.

पात्रांव म्हणजे आमचे गुरू. अंत्रुज महालातली, म्हणजे गोव्याच्या फोंडा भागातली जत्रेची नाटकं, भजनी सप्ताह, घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्यांच्या स्पर्धा, लग्नं, या सगळ्यांना कंठ फुटतो तो त्यांच्या मिक्सरमधून, म्हणजे सगळ्या माईकचे आवाज जिथे मिसळतात त्या पेटीतून. मोठ्या शहरांत ऑडिओ इंजिनिअरिंगचे रीतसर कोर्स असतात. तिथे फळा असतो, परीक्षा असते, आणि नापास झालात तर निदान तसं लेखी तरी मिळतं. इथे काहीही विचारा, उत्तर एकच : "कान आहेत ना? मग ऐक."

ऐकतोच आहे हो. पण काय ऐकू?

शिक्षणाची सुरुवात केबलपासून झाली आणि बराच काळ ती केबलवरच थांबली. तुम्हीआम्ही वायर गुंडाळतो ती अंगठा आणि कोपर यांच्यात. पात्रांवांसमोर हे केलंत तर कोपरावर टेस्टरचा फटका बसतो. केबलचा एक वेढा सरळ घ्यायचा, पुढचा मनगट उलटं फिरवून आतून घ्यायचा, परत सरळ, परत उलटा. असं का, हे त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही. मीच शोधून काढलं : एका वेढ्याने पडलेला पीळ पुढच्या वेढ्याने सुटतो, आतल्या तारा तुटत नाहीत, आणि टोक धरून भिरकावली की अख्खी केबल गाठ न पडता उलगडते. वाचायला हे फार सुंदर आहे. प्रत्यक्षात नाटक संपलेलं असतं, नट मंडळी मेकअप पुसत गरम भजी खात असतात, आणि आपण दवाने ओल्या, लाल मातीने माखलेल्या केबलींच्या ढिगाशेजारी उकिडवे बसून सरळ-उलटा, सरळ-उलटा करत असतो. स्वेटर विणणाऱ्या बायकांबद्दल माझ्या मनात तेव्हापासून नितांत आदर आहे.

यथावकाश मिक्सरला हात लावायची परवानगी मिळाली. पात्रांव मंडपाच्या मागच्या टोकाला उभे राहतात आणि तिथून ओरडतात, "हार्मोनियम डब्यात बसलीय, बाहेर काढ!" डबा म्हणजे साधारण चारशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला चारशे कंपनांच्या, आसपासचा गोंगाट, हे ज्ञान मला इंटरनेटने दिलं. पात्रांवांना हर्ट्झशी कर्तव्य नाही, त्यांची बोटं आपोआप तिथे जातात. मी नॉब किंचित डावीकडे फिरवतो. "जास्त झालं!" थोडा परत. "आता नाकात गेली!" आणखी थोडा. "मेली!" शेवटी, "राहू दे, होती तिथेच ठेव." माणसाला वीस ते वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं असं पुस्तकात लिहिलेलं असतं. त्यातलं नेमकं जे पात्रांवांना ऐकू येतं ते मला येत नाही, एवढंच.

जत्रेचं नाटक ही मात्र खरी अग्निपरीक्षा. फळ्यांचं स्टेज, त्यावर धाडधाड चालणारा राजा, कडेला माईक, विंगेत हार्मोनियम-तबला, आणि प्रत्येक नटाला वाटतं की माईक त्याच्याचसाठी टांगलाय. राजाची पावलं काढायला शंभर हर्ट्झच्या खालचं कापायचं, तर राजाचा दराराही त्याबरोबर जातो. हळू बोलणाऱ्या नायिकेसाठी गेन, म्हणजे माईकचा जोर, वाढवावा, तर तोच आवाज स्पीकरमधून निघून माईकमध्ये शिरतो, परत स्पीकरमध्ये, आणि ऐन विरहात शिट्टी. मंडप लांबलचक म्हणून मागे वेगळे स्पीकर लावलेले असतात. आवाजाला चौतीस मीटर जायला साधारण एक दशांश सेकंद लागतो, वायरीतून मात्र तो क्षणात पोचतो. मागच्या स्पीकरला तेवढा डिले, म्हणजे उशीर, दिला नाही, तर शेवटच्या रांगेतल्या आज्यांना प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येतो. आज्यांची तक्रार नसते. तिकीट नसलेल्या नाटकात दुप्पट संवाद मिळतात.

त्यात ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, सणासुदीच्या ठरावीक दिवशी फार तर बारापर्यंत सूट. पालखी देवळात परतल्याशिवाय नाटकाचा पडदा उघडत नाही, आणि पालखी कोणाचंच ऐकत नाही.

पावसाळ्यात म्हणे विश्रांती. त्या दिवसांत आम्ही पात्रांवांच्या घरामागच्या खोलीत घुमट रेकॉर्ड करतो. घुमटाला 2019 साली सरकारने वारसा वाद्याचा मान दिला, त्यामुळे प्रत्येक मंडळाला आता आपली आरती ध्वनिमुद्रित हवी आहे. मातीचं ते भांडं, एका तोंडावर चामडं, दुसरं उघडं. थाप चामड्याकडून येते, घुमार उघड्या तोंडाकडून. दोन्हीकडे माईक लावले की दोघे एकमेकांचा आवाज खातात. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, त्यावर कायद्याने बंदी आली, आता बकरीचं. ते दमटपणात सैल पडतं, म्हणून वादक घुमट शेकत बसतो. माझं काम : नव्या चपलांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या गावभरातून गोळा करून माईकच्या पेटीत ठेवणं, कारण दमट हवेत कंडेन्सर माईक चुरचुरू लागतो. एवढं सगळं जुळून आलं की पत्र्यावर पाऊस सुरू होतो.

घरचेही वैतागलेत. चवथीला आरती चालू असताना मी झांजवाल्या मामांना खिडकीकडे सरकायला सांगितलं, तेव्हा आईने डोळे वटारले. पण तीन-चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कान सगळ्यात हळवा असतो आणि झांज नेमकी तिथेच टोचते. हे आईला कोण समजावणार?

मागच्या जत्रेत पात्रांव चहाला गेले आणि मिक्सरवर मी एकटा. तेवढ्यात देवस्थान समितीचे खजिनदार आले. हे गृहस्थ दर नाटकाला येतात आणि दर नाटकाला एकच बोलतात : "आवाज वाढव मरे!" त्यांचा तसा दोष नाही. आवाज मोठा झाला की तोच चांगला वाटतो, कारण हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच त्याचे आलेख काढून ठेवलेत. पण मिक्सर शिट्टीच्या उंबरठ्यावर होता, सूतभरही जागा नव्हती. मी गंभीर चेहऱ्याने अगदी कडेच्या चॅनलचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकती पट्टी, हळूहळू वर नेला. त्या चॅनलला काहीही जोडलेलं नव्हतं.

खजिनदारांनी मान तिरकी करून ऐकलं. "हां! आता कसं!" म्हणाले आणि समाधानाने खुर्चीत जाऊन बसले.

पात्रांव मागेच उभे होते, हातात कप घेऊन. त्यांनी तो रिकामा फेडर पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि इतक्या काळात पहिल्यांदाच म्हणाले, "शिकलास रे!"