‘आमचं काय बिघडलं?’

आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मागच्या महिन्यात एक बातमी फिरली. शिक्षकाने मुलाला मारलं, पालक पोलिसांत गेले. अशा बातम्या येतच असतात. तासाभरात साठेक मेसेज आले. ‘आम्हाला निरगुडीच्या ओल्या फोकानं सोलून काढलं, आमचं काय बिघडलं?’ ‘उलट म्हणूनच वळणावर आलो.’ ‘आताच्या पोरांना जरा आवाज चढवला की लगेच डिप्रेशन!’ आणि खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग.

मी श्टुटगार्टच्या ट्राममध्ये बसून हे वाचत होतो. बॅगेत सर्ट्रालिन या डिप्रेशनवरच्या गोळ्यांचं नवं पाकीट होतं. उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि माझा स्टॉप आला.

जर्मनीत राहणाऱ्या माणसाला अशा वादात फुशारकी मारणं सोपं असतं. इथे २००० सालापासून कायदाच आहे: हिंसेविना वाढणं हा मुलाचा हक्क. शाळेतल्या गुरुजींनाच काय, आईबापांनाही हात उगारायला परवानगी नाही. पण आमच्या इमारतीत ऐंशीच्या घरातल्या एक आजी राहतात, त्यांना मी आमच्या ग्रुपचा किस्सा सांगितला तर त्या म्हणाल्या, थोबाडीत खाल्ल्यानं कुणाचं काही बिघडत नाही, हे वाक्य आमच्याकडेही घरोघरी होतं. अजूनही आहे. कायद्याला वीस वर्षं झाली तेव्हा, म्हणजे २०२० साली, उल्म विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या अभ्यासकांनी लोकांना विचारलं, तर ढुंगणावर एक चापट मारल्याने कुठल्याही मुलाचं नुकसान झालेलं नाही, असं मानणारे निम्म्याच्या आसपास निघाले. तेव्हा ‘गोऱ्यांकडे बघा’ हा मुद्दा मी मांडणार नाही.

आपल्या मंडळींचं तर विचारूच नका. इथे युगेंडआम्ट म्हणजे बालकल्याण खातं, आणि त्याचा धाक असा की पोरगं दुकानात लोळण घेऊन आडवं पडलं तरी आईबाप दात आवळून गोड हसतात. तेच विमान मुंबईला टेकलं की हात मोकळा होतो. पुण्यात मामाच्या घरी दिलेला धपाटा कुठल्याच खात्याच्या वहीत चढत नाही. म्हणजे पटलेलं काहीच नसतं, फक्त पत्ता बदललेला असतो.

मला स्वतःला डॉक्टरकडे जायला त्रेचाळिसावं वर्ष उजाडावं लागलं. पहाटे साडेतीनला जाग, जेवणाची चव गेलेली, ऑफिसात एकच ईमेल चार वेळा वाचायचा. फॅमिली डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली आणि थेरपिस्टकडे जायला सांगितलं. इथे विमा खर्च उचलतो, पण नंबर लागायला मला पाच महिने लागले. हेही सांगितलेलं बरं, कारण तिकडे लोकांना वाटतं इकडे दार ढकललं की डॉक्टर. अर्थात पाच महिन्यांनी तरी लागला. आपल्याकडे निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत डिप्रेशनच्या शंभरातल्या सुमारे पंच्याऐंशी रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत असं दिसलं होतं.

पहिल्याच भेटीत थेरपिस्टने लहानपणाबद्दल अठ्ठावीस वाक्यांचा एक तक्ता भरायला दिला. मी मनात म्हटलं, आलं, सगळं खापर आईबापांवर फोडायचं यांचं शास्त्र. मग त्यांनी कारण सांगितलं. लहानपणी छळ किंवा हेळसांड झालेल्यांचं डिप्रेशन पुन्हापुन्हा उलटण्याची किंवा चिकटून बसण्याची शक्यता इतरांच्या साधारण दुप्पट असते, उपचारांना दादही कमी मिळते. २०१२ साली अनेक अभ्यास एकत्र करून हे मांडलं गेलं. म्हणून विचारावं लागतं.

माराबद्दलची वाक्यं मी भराभर भरली. मार खाल्ला होता, चारचौघांसारखा. वडील, म्हणजे आबा, साखर कारखान्यात कारकून, हात जड, पण रोजचा मारा नव्हता. अडकलो ते वेगळ्याच वाक्यांवर: घरात मी कुणाला हवासा वाटत होतो का, असल्या.

दहावीचा निकाल लागला तेव्हा मला एकाहत्तर टक्के पडले होते. वडिलांनी गुणपत्रिका पाहिली, घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. एकोणीस दिवस. मी समोर पाटावर बसलेला असताना आईला म्हणायचे, ‘त्याला विचार, भात हवाय का.’ आई मला विचारायची, मी आईला सांगायचो, आई त्यांना सांगायची. तिघांच्या मध्ये हातभर अंतर. विसाव्या दिवशी सायकलची चावी कुठे आहे असं थेट मला विचारलं, आणि अबोला सुटला. कारण काय होतं, सुटला कशाने, यावर आजतागायत एक शब्द नाही. ते दिवस मी स्वतःला एकच गोष्ट शिकवत काढले: आपण असण्या-नसण्याने यांचं काही अडत नाही. फोकाचा मार आठवायला मला जोर लावावा लागतो. हे आठवावं लागत नाही.

आणि आकडेही तेच म्हणतात. शारीरिक मार, हेळसांड आणि मानसिक छळ यांचा पुढच्या आजारांशी संबंध तपासणाऱ्या शेकडाभर अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१२ मध्येच प्रसिद्ध झाला. शरीराला मार बसलेल्यांत डिप्रेशनची शक्यता सुमारे दीडपट, हेळसांड झालेल्यांत दुप्पट आणि टोमणे, अपमान, झिडकारणं यांत वाढलेल्यांत तिप्पट. म्हणजे आपण ज्या छडीवरून ग्रुपवर भांडतो, ती या यादीत खालच्या क्रमांकावर आहे.

गंमत अशी की कायद्यांना हे कळलेलं आहे. जर्मन कलमात शारीरिक शिक्षेच्या शेजारीच ‘मनाला इजा’ असे शब्द आहेत. आपल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमातही शारीरिक शिक्षेसोबत ‘मानसिक छळ’ स्पष्ट लिहिलाय, फक्त शाळेपुरता. दोन्हीकडे लोकांनी त्यातला हात तेवढा वाचला.

ग्रुपवरच्यांच्या बाजूनेही बोलायला हवं. मार खाल्लेले किंवा हिणवले गेलेले बहुतेक लोक डिप्रेशनमध्ये जात नाहीत, हे खरंच आहे. तिप्पट शक्यता म्हणजे ललाटरेषा नव्हे. घरात एखादी आजी, आत्या, कुणीतरी जवळ घेणारं असलं तर पुष्कळ निभावतं. पण ‘आम्ही घडलो’ असं म्हणणारे ग्रुपवर आहेत ते घडले म्हणूनच. मागच्या बाकावरचा एक जण आठवीतून शाळा सोडून गेला, त्याचा नंबर कुणाकडेच नाही. त्याला कोण विचारणार, तुझं काय बिघडलं म्हणून?

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. डानेसे आणि विडम या दोघा संशोधकांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या अशा लोकांची माहिती मांडली, ज्यांचा लहानपणी छळ झाल्याच्या कोर्टात १९६७ ते ७१ मधल्या नोंदी होत्या; तुलनेला अशा नोंदी नसलेलेही घेतले होते. मोठेपणी मानसिक आजार कुणात जास्त? ज्यांना छळ आठवतो त्यांच्यात, मग नोंद असो वा नसो. नोंद आहे पण आठवण नाही, अशांत धोका फारसा वाढलेला नव्हता. मित्र म्हणतील, मग उगाळता कशाला, विसरा की. पण विसरणं म्हणजे काही दिवा मालवणं नव्हे. मी सत्तावीस वर्षं विसरायचाच प्रयत्न करत होतो. आठवणीचा अर्थ मात्र बदलता येतो, थेरपीत काम चालतं ते तिथेच. ‘मी नकोसा होतो’ इथून ‘त्या माणसाला बोलता येत नव्हतं’ इथवर यायला मला चौदा बैठका लागल्या.

वडील आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत. त्यांना ते एकोणीस दिवस आठवत असतील असं वाटत नाही. व्हिडिओ कॉलवर नातीशी तासभर बोलतात.

त्याच नातीशी, म्हणजे माझ्या मुलीशी, मी काय केलं तेही सांगतो. तिसरीत आहे. गणिताच्या चाचणीबद्दल खोटं बोलली, पेपर दप्तरात लपवला. मी हात उगारला नाही, ओरडलो नाही. फार सुधारलेला बाप. संध्याकाळभर फक्त तिच्याशी बोललो नाही. झोपायच्या आधी ती ब्रश तोंडात धरून दारात येऊन उभी राहिली. ‘बाबा, हे किती वेळ चालणार?’ मी तिथल्या तिथे खाली बसलो.

त्या रात्री मी ग्रुपवर चारच शब्द टाकले: ‘माझं थोडं बिघडलं होतं.’ कुणी काही लिहिलं नाही. सकाळी नेहमीप्रमाणे सुप्रभातचं कमळ आलं. दुपारी मात्र, फोकाचा मेसेज ज्याने लिहिला होता त्याचाच वेगळा मेसेज आला. तिकडच्या डॉक्टरला हे सगळं मराठीत सांगता येतं का रे?

त्याला लिहिलं, नाही. जर्मनमध्येच सांगितलं, आणि सोपं गेलं, कारण त्या भाषेत आबांचा आवाज नाही. फक्त ‘अबोला’ हा शब्द मराठीतच ठेवावा लागला. तो समजावण्यात अख्खी एक बैठक गेली.