‘दोन मिनिटांत एआयने काढलेले पत्ते’: लातूरच्या ताईंच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही दोन स्टार दिलेत, ते तसेच राहू द्या, तो तुमचा हक्क. पण आमच्या देवगिरी टॅरो संचाबद्दल (भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांबद्दल) तुम्ही लिहिलंय की चित्रं एआयने दोन मिनिटांत काढलेली आहेत आणि आम्ही ते लपवलं. फँटसी म्हणून घेतला तर ड्रॅगन ना परी, नुसते किल्ले निघाले. तलवारींच्या पत्त्यांवर तीच एक तलवार पुन्हा पुन्हा चिकटवलीय. आणि ‘स्ट्रेंग्थ’ या पत्त्याला ८ व ‘जस्टिस’ला ११ असे नंबर चुकलेत. पुढची गिऱ्हाइकं हे वाचूनच ठरवणार, म्हणून उत्तर इथंच देतो.

लपवल्याचं आधी. डब्याच्या मागं, किमतीच्या वरच, ‘चित्रे एआयच्या मदतीने’ असं छापलंय. ऑर्डर घेतानाही सांगतो. या साधनांवर चित्रकार चिडलेत, आपली चित्रं न विचारता वापरली म्हणून २०२३ मध्ये अमेरिकेत काहीजण कोर्टातही गेले. त्यांचा राग मला पटतो. आम्ही प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मशीनला लिहून देतो त्या सूचनेत, कुठल्याही चित्रकाराचं नाव घालत नाही, पण तेवढ्यानं ज्यांचं समाधान होत नाही त्यांनी हा संच घेऊ नये, असं मी तोंडावर सांगतो.

राहिली दोन मिनिटं. एक चित्र त्याहूनही लवकर निघतं हो. पण मशीन दर चित्राला नव्यानं सुरुवात करतं. कपच्या राणीचं एक चित्र चांगलं जमलं म्हणून कपचा राजा तिच्याच दरबारातला निघेल असं नाही. त्याची दाढी, दागिने, उजेड, सगळं दुसऱ्या मुलखातलं येतं. २२ मेजर म्हणजे मुख्य पत्ते, आणि चार घरांचे (कप, तलवारी वगैरे) १४-१४ मायनर, असे ७८ पत्ते एका जगातले वाटायला हवेत. वेळ तिथं जातो, आणि तुम्ही पैसे त्याचे दिलेत.

ड्रॅगनचं म्हणाल तर ड्रॅगनचे संच बाजारात ढिगानं आहेत. आपल्याकडं दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, ती काळोखी वाट, असताना मी परदेशी गुहा कशाला शोधू? ‘हर्मिट’च्या हातात कंदील असतो, तो आम्ही त्या अंधारीतच उभा केला. ‘एम्परर’च्या सिंहासनाला मूळ चित्रात मेंढ्याची डोकी आहेत, म्हणून आमचा सम्राट दौलताबादच्याच मेंढा तोफेला टेकून बसलाय. ‘टेम्परन्स’मधला देवदूत एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओततो, आमच्या पत्त्यावर तो नळदुर्गच्या पाणी महालावर उभा आहे आणि खाली नर-मादी धबधबे पडतायत. मशीनला यातलं काही धड माहीत नव्हतं. ‘मेंढ्याच्या तोंडाची तोफ’ सांगितली तर त्यानं जहाजावरची तोफ काढून तिच्यावर जिवंत मेंढी बसवली! शेवटी किल्ल्यावर जाऊन फोटो काढले आणि तेच त्याला दाखवले. पंख असलेला हत्ती, बोलणारी बारव, पाण्यात राहणारे पहारेकरी हे सगळं संचात आहेच. ही फँटसी नाही तर काय?

सगळीकडे तीच एक तलवार आहे, आणि ती मुद्दाम तशी ठेवलीय. या साधनांना मोजता येत नाही म्हटलं तरी चालेल. नऊ तलवारी मागा, कधी सात येतात, कधी अकरा, त्यातल्या दोन मुठीत एकमेकींना चिकटलेल्या. टॅरो वाचणारा माणूस आधी तलवारी मोजतो. म्हणून चांगली निघालेली एक तलवार घेऊन ती मोजून हातानं मांडली. पाठीच्या नक्षीचंही तसंच. हिमरू या औरंगाबादच्या विणलेल्या कापडावरून घेतलेली ती नक्षी तुम्हाला ‘साधी’ वाटली, पण पत्ता फिरवला तरी पाठ तशीच दिसायला हवी, नाहीतर उलटा पडलेला पत्ता (त्याचा अर्थ वेगळा लावतात) उचलण्याआधीच ओळखू येतो. मशीनची नक्षी इतकी नेमकी जुळत नाही, म्हणून अर्धीच घेतली आणि ती फिरवून उरलेली अर्धी केली.

नंबर मात्र बरोबर आहेत. जुन्या फ्रेंच मार्सेय पद्धतीत ‘जस्टिस’ ८ आणि ‘स्ट्रेंग्थ’ ११. लंडनमध्ये १९०९ साली निघालेल्या संचात तो तयार करणाऱ्या आर्थर वेट यांनी त्यांची अदलाबदल केली. चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची, हातानं काढलेली. आज बहुतेक संच तोच क्रम पाळतात, आम्हीही. तुमच्याकडचा आधीचा संच मार्सेय पद्धतीचा असणार. एवढी एक ओळ अभिप्रायात दुरुस्त केलीत तर बरं होईल, कारण कालच एका गिऱ्हाइकानं फोन करून ‘चुकीच्या नंबरचा’ संच नको म्हणून सांगितलं.

छापलेले रंग मोबाईलवरच्या चित्रापेक्षा मंद दिसतात, कारण पडद्यावरचा झगमगता जांभळा चार शाईंच्या छपाईत येतच नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्या कुणालाही विचारा.

डबा कोपऱ्यात चेपलाय, तो कुरियरमध्ये चेपला असणार. नवा डबा पाठवतो, पैसे नकोत. संचच नको असेल तर पत्ते हाताळलेले असले तरी परत घेतो आणि पूर्ण रक्कम देतो. फक्त पाठवताना ७८ मोजून पाठवा. मागं एकानं ‘लव्हर्स’ ठेवून घेतला आणि बाकीचे सत्त्याहत्तर परत केले.