“नट आवळा, आवाज बंद”: पिकअपच्या चाकाबद्दल फिरणाऱ्या सल्ल्यात काय चुकतं

कापसाची वेचणी सुरू झाली, पिकअपच्या फेऱ्या वाढल्या, की गावोगावच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा फिरू लागतो: “चाकातून घूंऽऽ आवाज आला म्हणजे बेअरिंग गेलं. ज्या बाजूला ऐकू येतो तेच चाक. हलवून पाहा, हलत नसेल तर बेअरिंग चांगलं आहे, नट कचकून आवळा आणि हबमध्ये ग्रीस ठासून भरा. बदलायचंच तर नुसता कोन बदला, कप जुना चालतो.” (हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग; कोन म्हणजे बेअरिंगची रोलरसकट आतली कडी आणि कप म्हणजे रोलर ज्यात धावतात ती बाहेरची कडी.) वाक्यं चार. पहिली दोन खिशाला चाट लावतात, उरलेली दोन चाकालाच.

“घूं आवाज म्हणजे बेअरिंग.” तसाच आवाज उंचसखल झिजलेला टायरही करतो. फरक असा, की टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो: सिमेंट रस्त्यावर एक, गावच्या डांबरीवर दुसरा. बेअरिंगला रस्त्याचं काही पडलेलं नसतं, त्याचा आवाज वेगाबरोबर वाढतो. माप सारखं असेल तर पुढचे टायर मागे टाका; आवाजही मागे गेला तर बेअरिंगला हात लावू नका. अॅक्सिलरेटर दाबताना एक आणि सोडताना दुसराच आवाज येत असेल, तर डिफरन्शियल (अॅक्सलच्या मधली गिअरची पेटी) तपासा.

“ज्या बाजूला ऐकू येतो तेच चाक.” आवाज चेसीतून फिरतो, कान फसतो. मोकळ्या जागी 30 च्या आसपास वेगात गाडी डावीकडे वळवा. वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर संशय उजवीकडे, कमी झाला तर डावीकडे. मग जॅक. काळ्या मातीत जॅक नुसता ठेवू नका, खाली जाड फळी, गाडीखाली घोडी (लोखंडी स्टँड) आणि बाकीच्या चाकांना दगड. एक हात स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्यानं चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर कानाआधी हाताला कळते.

“हलत नसेल तर चांगलं.” रोलरच्या वाटेवर खड्डे पडलेले बेअरिंग आवाज करतं, पण हलेलच असं नाही. उलट, हलणारं प्रत्येक चाक बेअरिंगमुळे हलत नाही. पुढचं चाक वरून आणि खालून धरून हलवा, दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई गेली तर ती बेअरिंगची. राहिली तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनची, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या सांध्याची. डाव्या-उजव्या बाजूनं धरून हललं तर टाय रॉडचं (स्टिअरिंगच्या दांड्याचं) टोकही पाहा.

आता नट. सर्वांत जास्त नुकसान याच सल्ल्यानं होतं. पुढच्या हबमध्ये शंकूसारखे तिरपे रोलर असतील, तर नट आवळताना कोन कपात आत दाबला जातो. जास्त आवळला की ग्रीसचा पातळ थर टिकत नाही, हब तापतो, रोलर निळे पडतात. फसवणूक अशी, की पहिले काही किलोमीटर आवाज खरंच कमी वाटतो. मेसेज त्यावरच जगतो.

स्प्लिट पिनच्या नटाची (नट फिरू नये म्हणून ज्यात आडवी पिन घालतात तो) साधारण रीत वेगळी आहे. हब हातानं सतत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सैल करायचा आणि पुन्हा फक्त बोटांनी टेकवायचा. पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा मागे घ्यायचा, पुढे नाही. शेवटी हबमध्ये जेमतेम जाणवेल इतकाच खेळ (ढिलाई) राहावा, सहसा 0.03 ते 0.12 मिलिमीटर. डबल नट असेल तर दुसरा आवळल्यावर खेळ पुन्हा तपासा, तो कमी होतो. सीलबंद हब युनिटला ही रीत लागू नाही; तिथे कंपनीच्या मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर), आणि आवाज आला की पूर्ण युनिट बदलायचं.

ग्रीस ठासल्यानं ते घुसळून तापतं आणि ऑइल सील (ग्रीस आत रोखणारी रबरी कडी) ढकलून ब्रेक ड्रममध्ये उतरतं. तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगच्या रुंद बाजूनं दाबा, दुसऱ्या बाजूनं रोलरांमधून बाहेर येईपर्यंत. हबची पोकळी फार तर अर्धी भरा. जुनं ग्रीस रॉकेल-डिझेलनं पूर्ण धुऊन वाळवा. वेगळ्या जातीचं ग्रीस मिसळलं तर ते पातळ होऊ शकतं. कंप्रेसरच्या हवेनं बेअरिंग गरगर फिरवण्याची मजा मात्र नको, सुके रोलर खरवडतात आणि उडूही शकतात.

जुन्या कपात नवा कोन घातला की नवे रोलर जुन्या खड्ड्यांवरून धावतात. कप आणि कोन जोडीनंच बदला. कप बसवताना पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) वापरा, चारी बाजूंनी थोडं थोडं ठोका. तळाला टेकला की ठोक्याचा आवाज टणक होतो. कप हबमध्येच सैल फिरत असेल तर पंचाचे ठिपके मारून घट्ट करणं काही दिवसांचंच, हब बदलावाच लागतो. पिन आणि सील दर वेळी नवे.

बेअरिंग कशानं गेलं, यावर मेसेज गप्प आहे. पांदण रस्त्यानं ब्रेक दाबत आलेला तापलेला हब नाल्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठातून पाणी आत ओढलं जातं. उघडल्यावर ग्रीस दुधाळ-राखाडी दिसलं तर कारण हेच, आणि दुसरं चाकही उघडायला हवं. दुसरं कारण वजन. रोलर बेअरिंगवरचा भार दीडपट झाला तर अपेक्षित आयुष्य चौथ्या हिश्श्यावर येतं, दुप्पट झाला तर दहाव्या. जिनिंगपर्यंतची एक फेरी वाचवायला ताडपत्रीच्या वर रचलेल्या गाठोड्यांचा हिशेब मागच्या अॅक्सलवर लागतो. म्हणून नवं बेअरिंग टाकल्यावर पहिली फेरी अर्ध्या मालावर करा. 10-15 किलोमीटरनंतर थांबून दोन्ही बाजूंच्या हबजवळ हाताची पाठ न्या. एकच बाजू जास्त तापली असेल तर चाक उचलून फिरवा: जड फिरत असेल तर आधी ब्रेक घासतो का पाहा, मग नट.